रात्री नऊचा कूलर कोण चालवतो?

मे महिन्यात नागपुरात रात्री नऊ वाजता गच्चीच्या कठड्याला हात लावून पाहा. चटका बसतो. ऊन कधीच उतरलेले असते, पण दिवसभर 45 अंशांत भाजलेली भिंत ते अजून ओकत असते. त्या वेळी जवळजवळ प्रत्येक खिडकीत कूलर घरघरत असतो, वरच्या मजल्यांवर एसी लागलेले असतात, दिवे, पंखे, टीव्ही, फ्रिज सगळे एकदम सुरू. आणि नेमक्या त्याच वेळी माझ्या गच्चीवरची सहा सौर पॅनेल अंधारात गप्प पडलेली असतात.

शेजारच्या काकांनी मागच्या उन्हाळ्यात मला विचारले, "तुमचं बिल तर आता शून्यावर आलं. गावभर पॅनेल लागून राहिले. मग कोराडीत अजून नवे संच काहून पाहिजेत?"

प्रश्न सरळ होता. उत्तर तेवढे सरळ नाही, म्हणून हा लेख. कोळसा की सूर्य या वादात नागपूरकराने ऐकीव बाजू घेऊ नये असे मला मनापासून वाटते, कारण हा वाद आपल्या अंगणातच चालला आहे. कोळशावरची वीज केंद्रेच पाहा: शहराच्या उत्तरेला कोराडीचे 2,190 मेगावॉट, त्याच्या पलीकडे खापरखेड्याचे 1,340 मेगावॉट, पूर्वेला मौद्याचे 2,320 मेगावॉट, दक्षिणेला चंद्रपूरचे 2,920 मेगावॉट. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे, म्हणजे आपल्या तोंडच्या वेकोलिचे, मुख्यालय सिव्हिल लाइन्समध्ये. उमरेड, सावनेर, कामठी या पट्ट्यात खाणी. राज्यात कुठेही दिवा लागला तरी त्यातला थोडा धूर आपल्याकडे निघालेला असतो.

शून्य बिल आणि तारेतली वीज

माझे मीटर दोन आकडे दाखवते. एक इम्पोर्टचा, म्हणजे मी बाहेरून घेतलेल्या युनिटांचा, आणि दुसरा एक्सपोर्टचा, म्हणजे मी तारेत सोडलेल्या युनिटांचा. तीन किलोवॉटचे पॅनेल चांगल्या उन्हात दिवसाला साधारण बारा युनिट देते. त्यातली चार-पाच आम्ही दिवसा वापरतो, उरलेली बाहेर जातात. संध्याकाळनंतर उलटे. सात-आठ युनिट बाहेरून येतात. महिनाअखेर दोन्ही आकडे जवळपास सारखे होतात आणि बिलावर स्थिर आकारापुरती रक्कम उरते.

हिशेबाच्या वहीत शून्य, पण तारेत शून्य होत नाही. दुपारी बाराला मी दिलेले युनिट महावितरणने माझ्यासाठी कुठे डब्यात भरून ठेवलेले नसते. ते त्याच क्षणी कुणाच्या तरी दुकानात, कुणाच्या तरी पंख्यात संपलेले असते. रात्री मी घेतो ते ताजे, त्या क्षणी तयार झालेले युनिट. आणि रात्री ते बहुतेक करून कोळशातून येते.

वीज म्हणजे तव्यावरून थेट ताटात पडणारी पोळी. पंगतीत जितके जेवणारे, तितक्याच पोळ्या त्याच घटकेला लाटल्या गेल्या पाहिजेत. जास्त लाटून चालत नाही, कमी पडूनही चालत नाही. हा मेळ बसला आहे की नाही, ते विजेच्या वारंवारितेवरून कळते. आपल्याकडे ती 50 हर्ट्झ असावी लागते. मागणी वाढून पुरवठा मागे पडला की ती खाली घसरते, पुरवठा जास्त झाला की वर चढते. देशातल्या भार प्रेषण केंद्रांत बसलेली माणसे रात्रंदिवस या एका आकड्यावर डोळा ठेवून असतात. तो हाताबाहेर गेला तर काय होते ते आपण 2012 च्या जुलैत पाहिले. 30 आणि 31 तारखेला उत्तर भारत दोनदा अंधारात गेला, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्य भारतही. पश्चिमेकडचे जाळे, म्हणजे आपण, त्यातून वाचलो.

आता या पंगतीतले आचारी पाहू. सूर्य हा सकाळी येऊन संध्याकाळी निघून जाणारा आचारी. दुपारी तो इतक्या झपाट्याने लाटतो की खाणारे कमी पडतात. कोळशाचे केंद्र म्हणजे मोठी चूल. पेटायला कित्येक तास लागतात, म्हणून ती सहसा विझवत नाहीत, मंद ठेवतात. पण मंद तरी किती? आपल्याकडे साधारण 55 टक्क्यांच्या खाली आणायची नाही असा नियम आहे. त्याखाली ज्योत अस्थिर होते, बॉयलरच्या नळ्यांवर ताण येतो. म्हणजे भर दुपारी सूर्याची वीज ओसंडत असतानाही कोराडीची धुराडी थांबत नाहीत. ती थांबवली तर संध्याकाळी सात वाजता चूल पेटलेली नसेल.

म्हणूनच बातम्यांतला एक आकडा जपून वाचायला हवा. 2025 च्या मध्यात देशाच्या एकूण वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी कोळसा, वायू आणि तेलाच्या बाहेरची झाली. 2030 साठी ठेवलेले हे लक्ष्य पाच वर्षे आधी गाठले गेले, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. पण क्षमता म्हणजे हजेरीपटावरची नावे. कामावर किती तास आले, ते वेगळे. सौर केंद्र वर्षभराच्या सरासरीत क्षमतेच्या पाचव्या ते चौथ्या हिश्शाइतकेच काम करते, कारण रात्र असते, ढग असतात, सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन असते. त्यामुळे प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा अजून 70 टक्क्यांच्या आसपास आहे. दोन्ही आकडे खरे आहेत. एका गटाने पहिला सांगायचा, दुसऱ्याने दुसरा, यामुळे सामान्य माणसाचा गोंधळ होतो.

बाजारालाही हे कळलेले आहे. वीज विनिमय केंद्रांवर उन्हाळ्यातल्या काही दुपारी भाव अक्षरशः मातीमोल होतो आणि त्याच दिवशी रात्री युनिटला 10 रुपयांच्या कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. वस्तू तीच, तार तीच. फरक फक्त घड्याळाचा.

सुरक्षा म्हणजे नेमके काय?

'ऊर्जा सुरक्षा' हा शब्द सध्या सगळे वापरतात. तो सोडवून पाहिला तर त्यात तीन वेगळ्या भीती गुंडाळलेल्या दिसतात. इंधन येईल का? आले तर परवडेल का? आणि रात्री नऊला, या मिनिटाला, वीज असेल का?

पहिल्या दोन भीतींचा धडा महाराष्ट्राला दाभोळने दिला. एन्रॉनच्या प्रकल्पाचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर चालत होता, पुढे बाहेरून आणलेला वायू वापरायचा होता. इंधनाचे पैसे डॉलरमध्ये. तेलाचा भाव चढला आणि रुपया घसरला तशी युनिटची किंमत राज्य वीज मंडळाला पेलेनाशी झाली. 2001 मध्ये केंद्र बंद पडले. यंत्रे ठणठणीत, समुद्रकाठ उत्तम, पण वीज परवडत नाही. 2022 मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर युरोपने हाच अनुभव घेतला.

त्या मानाने आपला कोळसा घरचा. 2024-25 मध्ये देशाचे उत्पादन 100 कोटी टनांच्या पुढे गेले. कोळशाच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा सर्वांत भक्कम मुद्दा आहे आणि तो हसण्यावारी नेता येत नाही. आखातातले तेल ज्या वाटेने येते त्या होर्मुझच्या सामुद्रधुनीत काहीही झाले तरी उमरेडची खाण बंद पडत नाही. मात्र घरचा म्हणजे हमखास असे नव्हे. ऑक्टोबर 2021 मध्ये देशातल्या कितीतरी केंद्रांत चार-पाच दिवसांचाच साठा उरला होता. पुढच्या एप्रिलमध्ये कोळशाच्या गाड्यांना वाट मिळावी म्हणून रेल्वेने प्रवासी गाड्या रद्द केल्या. खाणीत पावसाचे पाणी भरले, रेल्वेमार्ग तुंबला की घरचा कोळसाही वेळेवर पोचत नाही.

सूर्याच्या बाजूचाही एक कच्चा दुवा आहे. जगभरच्या सौर पॅनेलच्या निर्मितीत चीनचा वाटा 80 टक्क्यांहून अधिक आहे. मग तेलासाठी आखाताकडे पाहायचे ते सोडून पॅनेलसाठी चीनकडे पाहायचे, इतकेच का? मला यात एक मोठा फरक दिसतो. तेल, वायू किंवा आयात कोळसा म्हणजे रोजचे विकतचे दूध. दूधवाला आला नाही तर त्या दिवशी चहा नाही. पॅनेल म्हणजे विकत आणलेली गाय. विकणारा उद्या रुसला तर दुसरी गाय मिळणार नाही, पण गोठ्यातली पंचवीस वर्षे दूध देत राहील. दोन्ही अवलंबूनच, पण एकात गळा रोज दुसऱ्याच्या हातात असतो.

इथेच एक गैरसमज दूर करून टाकतो. सौर पॅनेल लावल्याने पेट्रोलची आयात कमी होत नाही. आपण कच्चे तेल सुमारे 85 टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो, पण त्यापासून वीज जवळजवळ बनवतच नाही. ते गाड्यांत जाते. तेलाचे परावलंबन तेव्हाच घटेल जेव्हा स्कूटर, ई-रिक्षा, बस विजेवर धावतील. आणि तसे झाले की विजेची मागणी आणखी वाढेल, त्यातही लोक घरी येऊन रात्रीच चार्जर लावतील. फिरून आपण नऊच्या कूलरपाशी येतो.

अणुऊर्जेचे थोडक्यात सांगतो. तारापूरला 1969 पासून ती आहे, रात्रीही चालते, धूर सोडत नाही. पण देशाच्या विजेत तिचा वाटा तीन टक्क्यांच्या घरात आहे आणि नवे केंद्र उभे राहायला दहा-दहा वर्षे लागतात. पुढच्या उन्हाळ्याचे उत्तर तिच्यात नाही.

कोराडीचा हिशेब

मे 2023 मध्ये कोराडीत 660 मेगावॉटच्या आणखी दोन संचांसाठी जनसुनावणी झाली. सरकारची बाजू अशी की जुने, जास्त कोळसा खाणारे संच मोडीत निघतात, त्यांच्या जागी सुपरक्रिटिकल तंत्राचे नवे संच येतील, ते तितक्याच विजेला कमी कोळसा जाळतात. जमीन, पाणी, रेल्वे, तारा सगळे तयार आहे. आणि देशाची मागणी वाढतेच आहे. 30 मे 2024 ला ती 2,50,000 मेगावॉटला पोचली, तो तोवरचा उच्चांक. विरोध करणारे म्हणाले, मान्य, पण नागपूरच्या उशालाच का?

660 मेगावॉट म्हणजे काय ते आपण ढोबळ हिशेबाने पाहू. आपल्या कोळशातून एक युनिट काढायला साधारण 650 ग्रॅम कोळसा लागतो. संच पूर्ण क्षमतेने चालला तर तासाला 6 लाख 60 हजार युनिट, म्हणजे तासाला सव्वाचारशे टनांहून अधिक कोळसा. दिवसाला दहा हजार टन. मालगाडीचा एक रेक चार हजार टनांच्या आसपास नेतो, म्हणजे रोज अडीच गाड्या, एका संचासाठी. आपल्या कोळशात गंधक कमी असते हे खरे, पण राख 30 ते 45 टक्के. म्हणजे त्या दहा हजार टनांतले साडेतीन हजार टन जळतच नाहीत. राख होऊन मागे राहतात. रोज.

तिचा काही भाग सिमेंटमध्ये, विटांत, रस्त्याच्या भरावात जातो. उरलेली पाण्यात कालवून नळाने तळ्यांत नेऊन साठवतात. जुलै 2022 च्या पावसात खसाळ्याच्या राखेच्या तळ्याचा बंधारा फुटला आणि ते राखाडी पाणी शेतांत, नाल्यांत शिरले. शेतकऱ्याला पूर नवा नाही. पण पुराचे पाणी ओसरते, राख मातीत बसून राहते.

धुराड्यातल्या सल्फर डायऑक्साइडचीही कथा अशीच. तो वायू धुऊन काढणारी यंत्रणा बसवण्याचा नियम डिसेंबर 2015 मध्ये आला, मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली. जुलै 2025 मध्ये केंद्राने बहुतेक केंद्रांना त्यातून सूटच दिली. दहा लाखांवर वस्तीच्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आत असलेल्या केंद्रांना मात्र 2027 अखेरपर्यंत ती बसवावी लागेल. यंत्रणा महाग आहे आणि तिने युनिटमागे काही पैसे वाढतात, असे कारण दिले जाते. पैसे वाढतात ते बिलात दिसतात. मुलाचा दमा बिलात दिसत नाही, तो घरच्यांनाच भरावा लागतो.

एक चांगली गोष्टही सांगितली पाहिजे. कोराडीला लागणाऱ्या पाण्याचा मोठा हिस्सा आता भांडेवाडीत शुद्ध केलेल्या शहराच्या सांडपाण्यातून जातो. त्या केंद्राची क्षमता रोज 13 कोटी लिटर आहे. पेंचचे तेवढे पाणी पिण्यासाठी वाचते. सुधारणा करायचे ठरवले की ती होते, असे म्हणायला हा पुरावा माझ्या हाताशी आहे.

माझे मत विचाराल तर आज चालू असलेले संच उद्या बंद करा असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्याने मे महिन्यातली एक रात्र नागपुरातल्या पत्र्याच्या खोलीत, वीज गेलेली असताना, तान्ह्या बाळासोबत काढावी. पण नवा कोळशाचा संच म्हणजे तीस-पस्तीस वर्षांचा करार. आज पाया घातला तर तो 2060 च्या उंबरठ्यावरही राख टाकत असेल आणि देशाने 2070 ला नक्त शून्य उत्सर्जनाचा शब्द दिलेला आहे. तेच पैसे दुपारची वीज रात्रीपर्यंत नेण्यात घातले तर नागपूरचे जास्त भले होईल.

दुपार रात्रीपर्यंत नेणे

साठवण ही काही नवलाई नाही. अकोले तालुक्यात घाटघरला 250 मेगावॉटचा प्रकल्प आहे. वीज मुबलक असताना खालचे पाणी वरच्या धरणात चढवायचे, टंचाईच्या वेळी सोडून वीज काढायची. शंभर युनिट घालून पाऊणशेच्या वर परत मिळतात. थोडी गळती आहे, पण दुपारी मातीमोल झालेली वीज रात्री दहा रुपयांच्या वेळेला मिळत असेल तर ती सोसते. बॅटरीचे दर तर झपाट्याने उतरले. 2022 मधल्या पहिल्या मोठ्या निविदेत मेगावॉटमागे महिन्याला 10 लाखांवर भाडे आले होते. 2025 पर्यंत काही निविदा अडीच लाखांच्या खाली आल्या, अर्थात त्यात सरकारी अनुदानाचाही हात आहे. बॅटरी दोन-चार तास रेटते. संध्याकाळी सात ते अकरा हेच तर ते चार तास.

पावसाळ्याचे दुखणे वेगळे. जुलै-ऑगस्टमध्ये आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही आणि बॅटरीत आठवडा मावत नाही. पण तेव्हाच साताऱ्याच्या चाळकेवाडीला, धुळ्याच्या ब्राह्मणवेलला वारा जोरात असतो. विदर्भात पवनचक्क्या फारशा चालत नाहीत, पण तिकडची वीज इकडे यायला तारा आहेत. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वाहिनी जोडली गेली आणि सगळा देश एका जाळ्यात आला. हे जाळे जितके रुंद, तितका ढगांचा त्रास कमी.

सर्वांत शहाणपणाचा उपाय मात्र साठवणीचा नाही, मागणीच उचलून दिवसात ठेवण्याचा आहे. कृषिपंप घ्या. वर्षानुवर्षे शेतीला आठवडा दिवसा, आठवडा रात्री अशी पाळीने वीज मिळत आली. भिवापूर, उमरेड, रामटेककडच्या शेतकऱ्याला रात्री दोन वाजता ओलिताला जावे लागे, पायात गमबूट, हातात बॅटरी, मनात वाघ. साप तर नेहमीचेच. पंपाला रात्रीचे काही वेड नाही, त्याला फक्त वीज हवी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गावाजवळ सौर केंद्र उभारून शेतीचे फीडर, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या वाहिन्या, त्यावर टाकतात आणि ओलीत दिवसा होते. सूर्य ज्या वेळी असतो त्याच वेळी काम, मध्ये साठवणीची गरजच नाही. या सगळ्या वादात मला निर्भेळ आनंद देणारी ही एक गोष्ट आहे.

ज्यांचे पोट कोळशावर आहे त्यांचे काय, हा प्रश्न मात्र कुणी पुरेसा विचारत नाही. खाणीतले कायम कामगार निवृत्तिवेतन घेऊन निघतील. कंत्राटी मजूर, ट्रकवाले, सावनेरच्या चौकातली त्यांच्यावर चालणारी चहा-तर्रीपोह्याची टपरी यांना कुठली योजना? खाण संपण्याच्या दहा वर्षे आधी हे ठरले पाहिजे, संपल्यावर नव्हे.

काकांना मी हे सगळे दोन संध्याकाळी सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे पॅनेल लावू का नको?" मी म्हणालो, लावा. तीन किलोवॉटला 78 हजारांचे अनुदान आहे. आणि धुण्याचे मशीन, पाण्याची मोटर, इस्त्री दुपारी चालवा. त्यांनी मोटरची वेळ बदललीसुद्धा.

माझी आत्या जिल्ह्यातल्या एका वीज केंद्राजवळच्या गावात राहते. मागच्या वर्षी तिच्या मुलानेही पत्र्यावर पॅनेल बसवले. मार्चमध्ये गेलो तेव्हा ती तुळशीचे पान बोटाने पुसून दाखवत होती. बोटाला राखाडी थर. "पाय ना, सकाळी पुसलं होतं." मुलगा वर शिडीवर होता, फडके आणि बादली घेऊन. आठवड्यातून दोनदा पॅनेल धुवावे लागते, नाहीतर युनिट कमी पडतात. त्याने पाणी ओतले तसे ते करडे होऊन पन्हाळीतून खाली आले. आत्याने खाली ठेवलेली झाडाची कुंडी झटकन बाजूला सरकवली.